टॅरोचे पत्ते आणि पेगन देवता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॅरो शिकवायला लागल्यापासून मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच: "हा पत्ता म्हणजे कोणता देव?" माझं उत्तर बहुधा उलट प्रश्नानेच सुरू होतं: "कधीपासून?" पत्त्यांवरचे काही देव पहिल्या दिवसापासून तिथे आहेत, काही तीनशे वर्षांनी आले, काहींना मधेच हाकलून दिलं गेलं, आणि काही तर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत येऊन बसलेत. सगळे एकाच पंगतीला बसवले की घोळ होतो. आलेले प्रश्न साध्यापासून किचकटाकडे लावले आहेत. तेच दळण पुन्हा दळायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. टॅरो म्हणजे नेमकं काय, आणि त्यात देव कुठे येतात?

टॅरो म्हणजे ७८ पत्त्यांचा कॅट. त्यातल्या ५६ पत्त्यांचे चार रंग आहेत: वाँड्स, कप्स, स्वोर्ड्स आणि पेंटॅकल्स. प्रत्येक रंगाचे १४ पत्ते. आपल्या नेहमीच्या कॅटमधल्या राजा, राणी, गुलामाच्या जोडीला एक घोडेस्वार आणा, झाले चौदा. उरलेले २२ चित्रपत्ते म्हणजे मेजर अर्काना. देवांची जवळपास सगळी चर्चा या बावीस पत्त्यांभोवती फिरते.

हे बावीस मुळात हुकमाचे पत्ते होते. मेंढीकोटमध्ये हुकूम दर डावाला ठरवावा लागतो, इथे तो कायमचा छापलेला. उत्तर इटलीतल्या दरबारांत हा खेळ जन्मला. त्याची सगळ्यात जुनी लेखी नोंद फ्लॉरेन्समधली, १४४० सालची. पाठोपाठ १४४२ मध्ये फेराराच्या दरबारी हिशेबात तो दिसतो. त्या नोंदींत भविष्याचा उल्लेख नाही, खेळायच्या पत्त्यांचा आहे. फ्रान्स आणि ऑस्ट्रियात आजही लोक टॅरोचा डाव चुरशीने मांडतात.

२. 'पेगन' म्हणजे कोण? हा एखादा धर्म आहे का?

लॅटिनमधला 'पागानुस' म्हणजे खेड्यातला माणूस. रोमन साम्राज्य ख्रिस्ती झालं तेव्हा जुन्या देवांना न सोडणाऱ्यांना हा शब्द लावला गेला, आणि तो कौतुकाने नक्कीच लावला नव्हता. ज्युपिटरची पूजा करणारा रोमन किंवा आयसिसच्या देवळात जाणारा इजिप्शियन स्वतःला कधी 'पेगन' म्हणवत नव्हता.

आज मात्र अनेक लोक स्वतःहून हे नाव घेतात: विक्कावाले (प्रश्न १३), ड्रुइड, आइसलंडमधले जुन्या नॉर्स देवांचे उपासक. या पानावर 'पेगन देवता' म्हणजे ग्रीक, रोमन, इजिप्शियन, नॉर्स अशा ख्रिस्तपूर्व परंपरांतले देव. हिंदूंचा प्रश्न वेगळा आहे, तो १२ मध्ये.

३. टॅरो इजिप्तमधून आला, तो थॉथ देवाचा ग्रंथ आहे असं आमच्या सरांनी सांगितलं. खरं का?

नाही. पण ही गोष्ट इतकी रंगतदार आहे की सरांना दोष देता येत नाही.

आंत्वान कूर द जेबलाँ नावाचा एक फ्रेंच विद्वान, आधी प्रॉटेस्टंट पाद्री, पुढे फ्रीमेसन. पॅरिसमध्ये कुणाच्या घरी टॅरोचा डाव चालला होता, तो त्याने पाहिला आणि पाव तासात ठरवलं की ही तर जुन्या इजिप्तची पोथी! पुजाऱ्यांनी आपलं ज्ञान खेळाच्या पत्त्यांत लपवलं, म्हणून ते जाळपोळीतून वाचलं, असा त्याचा तर्क. १७८१ मध्ये आपल्या मोठ्या ग्रंथमालेच्या आठव्या खंडात त्याने हे छापलं. 'टार' म्हणजे रस्ता, 'रो' म्हणजे राजाचा, म्हणून टॅरो म्हणजे राजमार्ग, अशी व्युत्पत्तीही दिली. रथाच्या पत्त्यात त्याला ऑसायरिस दिसला, डेव्हिलमध्ये टायफन (इजिप्तच्या सेत देवाला ग्रीकांनी दिलेलं नाव), स्टारमध्ये आयसिसचा तारा.

अडचण एवढीच की १७८१ मध्ये जगात कुणालाच इजिप्तची चित्रलिपी वाचता येत नव्हती. शाँपोलियाँने ती उलगडली १८२२ मध्ये. तोवर 'हा इजिप्शियन शब्द' म्हणून काहीही सांगितलं तरी खोडून काढणारा कुणी नव्हता. लिपी वाचता यायला लागली तेव्हा त्यात ना तो राजमार्ग सापडला, ना पत्ते. पण तोवर पॅरिसमध्ये एतेया या टोपणनावाच्या गृहस्थाने खास भविष्य पाहण्यासाठी कॅट छापून घेतला होता आणि गाडी सुटली होती.

यातली खरी गंमत सहसा कुणी सांगत नाही. टॅरोचा इजिप्तशी संबंध आहे, पण तो देवांशिवायचा! पत्त्यांचा खेळ युरोपात चौदाव्या शतकाच्या शेवटी शेवटी पोचला, तो इजिप्तच्या मुसलमान मामलुक राजवटीकडून. त्यांच्या पत्त्यांचे रंग होते पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. असा एक कॅट इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आजही आहे. त्यावर नक्षी आहे, अक्षरं आहेत, एकही चेहरा नाही. म्हणजे तुमचे कप्स आणि स्वोर्ड्स खरोखर इजिप्तमार्गे आले. ज्यांच्यात आयसिस शोधली जाते ते बावीस मात्र इटलीत जन्मले.

४. मग पहिल्यापासून पत्त्यांवर असलेले देव कोणते?

यासाठी मिलानचा व्हिस्कोंती-स्फोर्झा कॅट पाहावा. साधारण १४५० चा, हाताने रंगवलेला, सोन्याचा वर्ख लावलेला. ७८ पैकी ७४ पत्ते टिकले आहेत आणि ते न्यूयॉर्क आणि बेर्गामोत विखुरले आहेत. हरवलेल्या चारांत नेमके डेव्हिल आणि टॉवर आहेत, त्यामुळे तर्कवितर्कांना कायमचं कुरण मिळालं आहे.

यात बिनतोड पेगन अशी मंडळी थोडीच. प्रेमाच्या पत्त्यावर डोळे बांधलेला क्युपिड. स्ट्रेंग्थवर चक्क हर्क्युलिस, हातात सोटा घेऊन सिंहावर धावलेला. चक्राच्या पत्त्यावर रोमन देवता फॉर्च्युना. हर्मिटचा म्हातारा तेव्हा कंदील घेऊन नव्हे, वाळूचं घड्याळ घेऊन उभा होता. तो म्हणजे काळ, आणि काळाच्या मागे सॅटर्नची सावली. मूनवर चंद्रकोर हातात धरलेली तरुणी आहे. तिला डायना म्हणायचा मोह बऱ्याच जणांना होतो आणि तो फार चुकीचा नाही.

पण ही मंडळी पूजेसाठी आलेली नाहीत. पंधराव्या शतकातले इटालियन सरदार पक्के ख्रिस्ती होते. त्यांना क्युपिड म्हणजे प्रेम, फॉर्च्युना म्हणजे नशीब, हर्क्युलिस म्हणजे बळ. आपल्याकडे "लक्ष्मी घरात आली" म्हणताना दर वेळी मूर्ती डोळ्यासमोर येतेच असं नाही, काहीसं तसंच.

पुढे काय झालं ते जास्त मजेशीर आहे. फॉर्च्युनाच्या चक्राभोवती चार माणसं असायची: एक वर चढणारा, एक माथ्यावर, एक घसरणारा, एक तळाशी. "राज्य करीन, राज्य करतो, राज्य केलं, राज्य उरलं नाही" असं त्यांच्या तोंडी लॅटिनमध्ये लिहिलेलं. फ्रेंच छापील कॅटांपर्यंत येता येता देवीच गायब झाली, चाक आणि त्यावर लटकणारे प्राणी उरले. एकोणिसाव्या शतकात त्या प्राण्यांना स्फिंक्स, टायफन आणि हर्मान्युबिस अशी इजिप्शियन थाटाची नावं मिळाली. खरी देवी गेली आणि तिच्या चाकावर दुसरेच येऊन बसले. क्युपिडचंही तेच. १९०९ च्या रायडर-वेट कॅटमध्ये (तो कुणी केला ते प्रश्न ७ मध्ये) लव्हर्सच्या पत्त्यावरून त्याला काढून त्या जागी देवदूत आणि खाली आदम-ईव्ह आणले गेले. आज पेगन मंडळींचा सगळ्यात लाडका कॅट हाच. त्यातूनच एका सच्च्या पेगन देवाची हकालपट्टी झाली आहे, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं.

५. पूर्ण देवादिकांचाच असा जुना कॅट कधी होता का?

होता, आणि तो बहुधा टॅरोच्याही आधीचा. मिलानचा ड्यूक फिलिप्पो मारिया व्हिस्कोंती याच्यासाठी त्याचा सचिव मार्झियानो याने तो योजला. मार्झियानो १४२५ मध्ये वारला, म्हणजे कॅट त्याआधीचा. चित्रं मिकेलिनो दा बेझोत्सोची. हुकमाचे सोळा पत्ते, सोळाही ग्रीक-रोमन: ज्युपिटर, ज्युनो, पॅलास, व्हीनस, अपोलो, नेपच्यून, डायना, बॅकस इथपासून डॅफ्नी आणि क्युपिडपर्यंत. बाकीच्या पत्त्यांचे रंग म्हणजे चार पक्षी: गरुड, फिनिक्स, आणि कपोत व पारवा असे दोन जातींचे. पत्ते हरवले. मार्झियानोने लिहिलेली लॅटिन माहिती मात्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. यातले सोळा देव एकेका टॅरो पत्त्याला जोडून दाखवणाऱ्या याद्या फिरत असतात, त्यांकडे दुर्लक्ष करा. तो वेगळा खेळ होता.

६. माझ्याकडच्या स्विस कॅटमध्ये हाय प्रीस्टेसच्या जागी 'जूनों' आणि हायरोफंटच्या जागी 'ज्युपितेर' आहे. छपाईची चूक का?

चूक नाही. मूळ कॅटमध्ये क्रमांक दोनला पोपच्या वेशातली बाई आणि क्रमांक पाचला पोप होते. पोपला पत्त्यांच्या डावात आपटणं सगळीकडे चालायचं नाही. म्हणून अठराव्या शतकात अल्सास, स्वित्झर्लंड आणि आसपासच्या छापखान्यांनी त्या जागी मोरवाली ज्युनो आणि गरुडवाला ज्युपिटर बसवले. या घराण्याला बेझांसाँ टॅरो म्हणतात. बेल्जियमकडच्या कारागिरांनी पोपच्या जागी पिंपावर बसलेला बॅकस आणला. पोपपेक्षा दारूचा देव कमी वादग्रस्त, असा हिशेब!

तुमचा कॅट त्याच घराण्यातला. त्याचं नाव '1JJ', त्यातले दोन 'जे' या दोघांचेच. १९६८ मध्ये अमेरिकी प्रकाशक स्टुअर्ट कॅप्लन यांनी तो अमेरिकेत विकायला आणला आणि तिथल्या टॅरोच्या लाटेला तिथून जोर आला. म्हणजे पेगन देव इथे शब्दशः छापलेले आहेत, पण श्रद्धेमुळे नव्हे. चर्चला सांभाळून घ्यायचं होतं म्हणून.

७. हाय प्रीस्टेस म्हणजे आयसिस, पर्सेफनी की आणखी कुणी?

हिचे थर कांद्यासारखे सोलावे लागतात.

सगळ्यात आत आहे ती पोपबाई, डोक्यावर तिहेरी मुकुट आणि अंगात जोगिणीचा साधा झगा. ती कोण याचे तीन अंदाज. पहिला, पुरुषाच्या वेशात पोप झाली असं सांगतात ती दंतकथेतली जोन. दुसरा, चर्चचं किंवा श्रद्धेचं प्रतीक. तिसरा मला सगळ्यात ओढ लावतो: मायफ्रेदा दा पिरोवानो. मिलानच्या एका पंथाने या बाईला पोप मानलं होतं. १३०० साली तिला जाळण्यात आलं. ती व्हिस्कोंती घराण्याच्या नात्यातली होती, आणि हा कॅट त्याच घराण्याचा. सिद्ध करता येत नाही, पण नाकारावंसंही वाटत नाही.

त्यावरचा थर कूर द जेबलाँचा (प्रश्न ३). त्याने तिला इजिप्तची मुख्य पुजारीण केलं. 'हाय प्रीस्टेस' हे नाव त्याच वाटेने आलं.

सगळ्यात वरचा थर १९०९ चा, आर्थर वेट यांची कल्पना आणि पामेला कोलमन स्मिथ यांचं चित्र. डोक्यावर शिंगांमधल्या चंद्रबिंबाचा मुकुट, तो आयसिस-हॅथोरकडून. मागच्या पडद्यावर डाळिंबं. डाळिंब म्हटलं की पाताळात दाणे खाऊन अडकलेली पर्सेफनी आठवते, म्हणून ती यादीत आली. पण दोन्ही बाजूंचे खांब नीट पाहा. त्यावरची बी आणि जे ही अक्षरं म्हणजे बोआझ आणि याखीन, जेरुसलेममधल्या सॉलोमनच्या मंदिराचे खांब. बायबलमध्ये त्या खांबांच्या माथ्यावर डाळिंबांच्या माळा होत्या असं वर्णन आहे. हातातल्या गुंडाळीवर तोराचं नाव आहे आणि छातीवर क्रूस. म्हणजे डाळिंबांना पर्सेफनीशिवायही चांगलं घर आहे. तुम्ही आयसिस म्हणा, पर्सेफनी म्हणा, माझी हरकत नाही. फक्त "वेट यांनी पर्सेफनीच काढली आहे" असं छातीठोक सांगू नका. ते स्वतः ख्रिस्ती गूढवादी होते.

एम्प्रेसबद्दलही असेच प्रश्न येतात, तिचं थोडक्यात: ढालीवर व्हीनसचं चिन्ह, पायाशी पिकलेला गहू म्हणून डिमिटर, ग्रीकांची पिकांची देवी. मुकुटातले बारा तारे मात्र बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या स्त्रीचे.

८. हँग्ड मॅन म्हणजे ओडिन ना? नऊ रात्री झाडाला लटकलेला?

हे जुळवणं इतकं देखणं आहे की मलाही वर्गात ते सांगायला आवडतं. 'हावामाल' या जुन्या नॉर्स काव्यात ओडिन म्हणतो की मी वाऱ्यात डोलणाऱ्या झाडावर नऊ रात्री लटकलो, भाल्याने घायाळ, स्वतःच स्वतःला अर्पण केलेला. शेवटी खाली वाकून त्याने रून अक्षरं उचलली. त्यागातून ज्ञान, हा पत्त्याचा आजचा अर्थ तिथे चपखल बसतो.

पण कधीपासून? हे काव्य ज्या हस्तलिखितात टिकलं ते आइसलंडमध्ये तेराव्या शतकात लिहिलं गेलं आणि १६४३ मध्ये एका बिशपच्या हाती लागेपर्यंत बाहेरच्या जगाला माहीत नव्हतं. मिलानच्या चित्रकाराने ते वाचलेलं असणं अशक्य. शिवाय ओडिन उलटा लटकला असं काव्यात कुठेही म्हटलेलं नाही.

इटालियन माणसाला मात्र हे चित्र एका क्षणात कळायचं. पत्त्याचं जुनं नाव 'इल त्रादितोरे', म्हणजे गद्दार. दगाबाज, कर्जबुडवे, पळालेले सेनापती यांची एका पायाने उलटं टांगलेली चित्रं भर चौकात भिंतीवर रंगवायची शिक्षाच तिकडे होती. माणूस हाती लागला नाही तरी बदनामी होते. मेदिची घराण्याविरुद्धच्या १४७८ च्या कटानंतर फ्लॉरेन्समध्ये असं काम खुद्द बोत्तिचेल्ली या नामवंत चित्रकाराने केलं. आंद्रेआ देल सार्तो या चित्रकाराची अशा टांगलेल्या माणसांची रेखाटनं उफ्फीत्सी संग्रहालयात आहेत.

आणि कळस असा: मुझ्यो आत्तेन्दोलो स्फोर्झा या सेनापतीने पक्ष बदलला म्हणून १४१२ मध्ये त्याचं असंच चित्र रंगवलं गेलं. त्याचा मुलगा फ्रान्चेस्को पुढे मिलानचा ड्यूक झाला. प्रश्न ४ मधला कॅट त्याच्याच घरचा. डाव खेळताना हा पत्ता हातात आला की बापाची आठवण येत असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

९. डेव्हिलच्या पत्त्यावर शिंगं आणि बोकडाचे पाय आहेत. तो ग्रीक देव पॅन का?

थेट नाही. ख्रिस्ती सैतानाच्या चित्रात पॅनचे काही अवयव शिरले असं म्हणता येईल, पण पत्त्यावर आला तो सैतान म्हणूनच. रायडर-वेटमधली बसण्याची ढब आणि वर केलेला हात फ्रेंच गूढवादी एलिफास लेव्हीच्या बाफोमेटवरून, म्हणजे त्याने काढलेल्या बोकडतोंड्या मूर्तीवरून घेतलेले आहेत, ते चित्र १८५० च्या दशकातलं. आजचे काही पेगन या पत्त्याला पॅन किंवा आपला शिंगवाला देव मानून वासना, निसर्ग, मुक्तपणा असा अर्थ लावतात. तुमच्या कॅटवर पॅनच रंगवलेला असेल तर तसं वाचा. नसेल तर पत्त्यावरच्या साखळ्या विसरू नका.

१०. प्रत्येक पत्त्याला ग्रह आणि ग्रहाला देव, ही जोडणी कुणी केली? आणि दोन याद्यांत फरक का असतो?

ही जोडणी १८८८ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या 'हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन' या गूढ मंडळाची. त्यांनी बावीस पत्ते हिब्रूच्या बावीस अक्षरांवर बसवले आणि अक्षरांमार्फत सात ग्रह, बारा राशी, तीन तत्त्वं वाटून टाकली. मॅजिशियनला बुध, म्हणून मर्क्युरी किंवा हर्मीस. हाय प्रीस्टेसला चंद्र, एम्प्रेसला शुक्र, व्हीलला गुरू, टॉवरला मंगळ, सनला सूर्य, वर्ल्डला शनी. आज छापल्या जाणाऱ्या 'पत्ता आणि देवता' याद्यांपैकी बहुतेकींचं मूळ इथे आहे.

जोडणी हुशारीची, पण पत्त्यांच्या जन्मानंतर साडेचारशे वर्षांनी केलेली. मॅजिशियनच घ्या. जुन्या इटालियन पत्त्यावर तो मेजावर पेले-गोट्या मांडून लोकांना गंडवणारा रस्त्यावरचा जादूगार आहे आणि हुकमात सगळ्यात खालचा. योगायोग असा की हर्मीस हा चोरांचाही देव, त्यामुळे जोडी शोभून दिसते.

फरक पडतात कारण फ्रेंच मंडळींनी अक्षरं वेगळ्या क्रमाने लावली होती, त्यामुळे त्यांचे ग्रहही वेगळे. खेरीज सिंह रास तुळेच्या आधी यावी म्हणून गोल्डन डॉनने स्ट्रेंग्थला आठवा आणि जस्टिसला अकरावा क्रमांक दिला. जुन्या फ्रेंच कॅटात उलट आहे. यादी वापरण्याआधी ती कोणत्या घराण्याची ते पाहा आणि दोन घराण्यांची खिचडी करू नका.

११. वर्ल्ड म्हणजे शनी असेल तर तो पत्ता आल्यावर साडेसाती लागते का? आणि राशीचा पत्ता सायन धरायचा की निरयन?

साडेसाती लागत नाही. ती चंद्रराशीवरून, निरयन पद्धतीने मोजायची आपल्या ज्योतिषाची संकल्पना आहे. वर्ल्ड हा टॅरोमध्ये कार्यसिद्धीचा पत्ता. गोल्डन डॉनने शनी दिला तो जुन्या क्रमातला शेवटचा, सर्वांत बाहेरचा ग्रह म्हणून. त्यांच्या हिशेबात राहू-केतू नाहीतच.

दुसरं जास्त महत्त्वाचं. पुस्तकांत छापलेल्या जन्मतारखांच्या याद्या सायन आहेत, मेष २१ मार्चच्या सुमारास सुरू. आपल्या पंचांगात सूर्य मेषेत जातो १४ एप्रिलच्या आसपास. मधलं अंतर सुमारे २४ अंश. १ एप्रिलला जन्मलेल्याला यादीप्रमाणे मेषेचा एम्परर मिळतो, पंचांगाप्रमाणे मीनेचा मून. दोन्हींचे स्वभाव पार वेगळे. माझं मत: टॅरोची यादी वापरताना टॅरोचीच गणना वापरावी. पत्रिकेतली रास आणून इथे चिकटवू नये.

१२. हिंदू पेगन आहेत का? आणि आपल्या देवांना टॅरोच्या पत्त्यांवर बसवता येईल का?

पहिल्याचं उत्तर ज्याने त्याने द्यावं. युरोपातल्या अनेक पेगनांना हिंदू जवळचे वाटतात: मूर्ती, अनेक देव, नद्या-झाडांची पूजा. पण त्यांची परंपरा तुटली होती आणि त्यांना ती जुळवावी लागली. आपल्याकडे गावदेवीची जत्रा दर वर्षी भरतेच आहे.

बसवता येतं, तसे कॅट निघालेतही. खटकतं ते घाईचं जुळवणं. डेथवर कालीमाता हे सर्रास दिसतं. टॅरोचा डेथ म्हणजे राजा-पोप-लेकरू न पाहता कापत जाणारा सांगाडा, प्लेगच्या काळातल्या युरोपचा. कालीमातेकडे लोक 'आई' म्हणून धावत जातात, त्या सांगाड्याकडे कोण धावेल? उलट स्ट्रेंग्थवरची सिंहाचा जबडा हाताळणारी शांत बाई पाहून वर्गात कुणीतरी हमखास "दुर्गा!" म्हणतं, तेव्हा मी हसते आणि मान डोलावते. मूळ हर्क्युलिसला (प्रश्न ४) काय वाटेल ते वाटो.

पण देवच पत्त्यांवर हवे असतील तर इटलीला कशाला जायचं? सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा पाहा. १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. इथे राम किंवा नरसिंह प्रतीक म्हणून मागच्या दाराने आलेला नाही, तोच रंगाचा राजा आहे. दिवसा डाव रामाकडून सुरू होतो, रात्री कृष्णाकडून. गंजिफा इराणी वाटेने आला, बाबराच्या आठवणींत १५२७ सालची त्याची नोंद आहे, आणि आपल्याकडे येऊन तो दशावतारी झाला. सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला नामशेष होता होता वाचवली. हा भविष्याचा नव्हे, खेळायचा कॅट, हे लक्षात असू द्या.

१३. विक्का पाळणाऱ्यांचा आणि टॅरोचा संबंध किती जुना?

विक्का जेराल्ड गार्डनर यांनी इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकात लोकांपुढे आणला, जादूटोण्याविरुद्धचा जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाल्यावर. त्यांच्या विधीतली कांडी, पेला, खंजीर आणि तबकडी टॅरोच्या चार रंगांशी जुळते, कारण दोन्हीकडे गोल्डन डॉनची छाप आहे. कुमारी, माता, वृद्धा ही त्रिरूप देवी हाय प्रीस्टेसच्या मुकुटात पाहणं मात्र नंतरचं. हे त्रिकूट रॉबर्ट ग्रेव्हज यांच्या १९४८ च्या लेखनाने लोकप्रिय झालं, पत्ता १९०९ चा. जादूची प्राचीन ग्रीक देवी हेकेट तीन देहांची होती हे खरं, पण तिच्या तिन्ही मूर्ती सहसा तरुणच दिसतात.

१४. ग्रीक किंवा नॉर्स देवांचा कॅट घेतला तर अर्थ तेच राहतात का?

बरेचसे. पण देवाची कथा पत्त्याला आपल्या बाजूला ओढते. द फूलला मुळात कुणी देव नाही, व्हिस्कोंती कॅटमध्ये तो फाटक्या कपड्यांतला, केसांत पिसं खोवलेला वेडा आहे. त्या जागी डायोनायसस (ग्रीकांचा बॅकस) रंगवला की भोळेपणाच्या जोडीला नशाही येते. अशा कॅटसोबतची पुस्तिका वाचल्याशिवाय रायडर-वेटचे पाठ केलेले अर्थ सांगू नका. जजमेंट आणि हायरोफंट या दोघांवर पेगन देव बसवताना चित्रकारांची सगळ्यात जास्त ओढाताण होते, कारण एकावर कयामत आहे, दुसऱ्यावर पोप.

१५. देवघरासमोर पत्ते लावले तर चालतं का? देव कोपतील का?

पंधराव्या शतकातला खेळाचा कॅट आहे (प्रश्न १). घरात रमी चालत असेल तर हेही चालावं. आजी नको म्हणत असेल तर दुसऱ्या खोलीत लावा.

१६. तीन दिवस सलग मून आला. हेकेट मला बोलावते आहे, असं एका रीडरने सांगून विधीचे पैसे मागितले. काय करू?

पैसे देऊ नका.

आता हिशेब. रोज तीन पत्ते काढले तर ठरावीक एक पत्ता येण्याची शक्यता ७८ ला ३, म्हणजे २६ ला १. तीन दिवस सलग मूनच यायची शक्यता साडेसतरा हजारांत एक. हे ऐकून अंगावर काटा येतो. पण तुम्ही मूनची वाट पाहत नव्हता. टॉवर तीनदा आला असता तरी तुम्ही असाच निरोप पाठवला असता. ७८ पैकी कोणताही एक पत्ता तीन दिवस टिकण्याची शक्यता निघते सुमारे सव्वादोनशेत एक. रोज पत्ते काढणाऱ्याच्या वर्षात असं एक-दोनदा घडायचंच.

मूनवर हेकेट आली ती कुत्र्यांमुळे. तिच्यासोबत कुत्री असतात, पत्त्यावरही दोन प्राणी भुंकताना दिसतात. जुन्या कॅटांत तिचं नाव नाही. हेकेटबद्दल ओढ वाटत असेल तर तिच्याबद्दल वाचा, त्याला पत्त्याची परवानगी लागत नाही.

आणि पत्ते नीट पिसता का ते तपासा. टॅरोचे पत्ते मोठे आणि गुळगुळीत, म्हणून बहुतेक जण हातातल्या हातात चार गठ्ठे वरखाली करतात आणि कालचे पत्ते वरच राहतात. त्यापेक्षा सगळा कॅट सतरंजीवर उलटा पसरा आणि दोन्ही हातांनी मिनिटभर चांगला कालवा. चौथ्या दिवशी मून आला तर मला जरूर कळवा.